बर्फ सुटेपर्यंत

आमच्या घरात ‘डीफ्रॉस्ट’ हा शब्द आहे, पण तो फ्रीजपुरता. माशाला तो कुणी लावत नाही. आई म्हणते, “मच्छी काढून ठेव”, आणि कुठून काढायची ते सांगावं लागत नाही. थोड्या वेळाने तिचा दुसरा प्रश्न येतो, “बर्फ सुटला का?”

मराठीत तूप गोठतं, रक्त गोठतं, हिवाळ्याच्या सकाळी खोबरेल तेल गोठतं. तूप वितळतं, मेण वितळतं, गूळ पाघळतो. गोठलेला मासा पुन्हा मऊ होण्याला मात्र आपल्याकडे क्रियापद नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलमुलखात निसर्गाने दिलेला बर्फ म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी पडणारी गार, आणि ती अंगणातून वेचून तोंडात टाकेपर्यंत अर्धी होते. म्हणून लोकांनी घरातलंच एक जुनं क्रियापद कामाला लावलं. दावं सुटतं, गाठ सुटते, तसा बर्फ सुटतो. मला हा शब्द फार नेमका वाटतो. गोठलेल्या माशात पाणी बांधलेलं असतं. ती गाठ केव्हा, कुठे आणि किती हळू सोडायची, एवढ्यावर त्या माशाची चव आणि कधीकधी खाणाऱ्याची तब्येत अवलंबून असते.

ही गाठ आमच्या स्वयंपाकघरात कुठून आली, ते शोधायला गेले तेव्हा पहिल्यांदा बर्फ लागलाच नाही. लागला तो पाण्याचा हंडा.

माझं आजोळ सिंदेवाहीकडचं. धानाच्या बांध्या आणि तलाव यांचा हा मुलूख, झाडीपट्टी. इथले तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे, त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि ‘माजी मालगुजारी’ची अक्षरं जोडून लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हे जिल्हे धरून पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पाणी धानाचं आणि मासोळी ढिवरांची, अशी त्यांची जुनी वाटणी. तलाव गावाला लागून असल्यामुळे जाळं आणि चूल यांच्यात फार तर तासा-दोन तासांचं अंतर असे. टिकवण्याचा प्रश्न दुसऱ्या दिवसाचाच काय तो उरे.

त्या दुसऱ्या दिवसासाठी हंडा होता. मरळ, मागूर, शिंगी या माशांना पाण्याबाहेरची हवा घेता येते. कल्ल्यांशिवाय त्यांच्याकडे हवेतून श्वास घेण्याची वेगळी सोय असते, म्हणूनच ते उन्हाळ्यातल्या आटत्या, गढूळ डबक्यातही तगतात. आजी न्हाणीच्या कोपऱ्यात पितळी हंड्यात मरळ सोडून ठेवी. वर टोपली उपडी, टोपलीवर दगड, कारण मरळ उडी मारते आणि रात्रीतून अंगणात सरपटत जाते. सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं की दोन-तीन दिवस मासा जिवंत. आम्हा मुलांना त्या टोपलीखालची धडपड ऐकू यायची आणि झोप लागायची नाही. ताजेपणा टिकवण्याची ही सगळ्यात जुनी रीत: जीवच टिकवायचा, आणि चूल पेटली की मगच तो घ्यायचा. बाजारात आजही ढिवरांच्या बायका घमेल्यात पाणी घालून मरळ विकतात आणि गिऱ्हाईक तिला बोटाने डिवचून बघतं.

सगळेच मासे असे चिवट नसतात. मार्च-एप्रिलमध्ये तलाव तळाला लागला की एका दिवसात इतकी बारीक मासोळी निघते की गावाला खाऊन सरत नाही. मग ती उन्हात पडते. चंद्रपूरचं ऊन, ज्याच्या नावाने आपण सगळे बोटं मोडतो, ते इथे उपयोगी पडतं. चटईवर, जुन्या लुगड्यावर, तापल्या खडकावर पसरलेली मासोळी आणि झिंगे दोन-चार दिवसांत कडकडीत वाळतात. ही सुकसी. तिच्या शेजारी आठवडी बाजारात कोकणकिनाऱ्याहून आलेले बोंबील आणि सुकट यांचीही पोती उघडी असतात. समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसांनी समुद्राची चव ओळखली ती या वाळलेल्या रूपात.

मांसाचंही तेच. शिकार होत होती तेव्हा गावाने वाटून घेतलेल्या मांसातलं उरलेलं चुलीवरच्या धुरात आणि उन्हात सुकवलं जाई. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीला बंदी आली आणि ती वहिवाट मागे पडली. मराठवाड्याच्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, त्या ‘चान्या’. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात हा सारा स्वयंपाक लिहून ठेवला. फ्रीजचा इतिहास म्हणून ते पुस्तक कुणी वाचत नाही. मला मात्र वाटतं, बिनफ्रीजच्या घरांनी मांस कसं राखलं, हे समजल्याशिवाय फ्रीजने काय बदललं ते कळत नाही.

आता सुकसी रांधायच्या दोन रीती बघा. एक, कोमट पाण्यात भिजत घालायची, माती-खर खाली बसू द्यायची, ते पाणी ओतून द्यायचं, हलक्या हाताने पिळायची आणि वांग्यात सोडायची. दुसरी, भिजवणं नाहीच. थेट निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजायची आणि लाल मिरची-लसणाबरोबर पाट्यावर वाटायची. वाळलेल्या माशाला आधी पूर्वपदावर आणायचं आणि मग शिजवायचं, की आहे तसा विस्तवावर घालायचा? फ्रीजरमधली पिशवी हातात घेऊन आपण आज हाच प्रश्न विचारतो. तो आजीच्या चुलीपाशी आधीच विचारून झाला होता, आणि उत्तरही ठरलेलं होतं: बारीक असेल तर थेट, जाड असेल तर आधी भिजव.

फरक इतकाच की वाळवण्यात पाणी काढून टाकतात, गोठवण्यात ते जागच्या जागी बांधून ठेवतात. वाळलेल्या माशाला पाणी द्यावं लागतं. गोठलेल्या माशाचं पाणी सांभाळावं लागतं. हे दुसरं काम आपल्याला नवं आहे.

बर्फ मुंबईत पोचला तो अमेरिकेहून. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८३३ साली गोठलेल्या तळ्यांमधून कापलेला सुमारे १८० टन बर्फ ‘टस्कनी’ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या, विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या त्या प्रवासानंतरही निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. पुढच्याच वर्षी तो मुंबईत उतरला. या करामतीचं रहस्य लाकडाचा भुसा. आरागिरण्यांमध्ये फुकट जाणारा भुसा लाद्यांभोवती ठासून भरला की बाहेरची उष्णता आत शिरायला वाट राहत नाही. तो बर्फ साहेबांच्या पेल्यात आणि तापाच्या रोग्यांच्या कपाळावर गेला, मासळीला तो परवडणारा नव्हता. भुशाची युक्ती मात्र टिकली. माझ्या लहानपणी चंद्रपुरात बर्फाची लादी हातगाडीवर यायची ती भुशात लोळवलेली आणि बारदानात गुंडाळलेली. सागाच्या भुशाला एक कडवट, उबदार वास असतो. लादीवरून तो भुसा हाताने झाडताना बोटं बधिर व्हायची आणि वास हाताला राहायचा. बल्लारपूर-आलापल्लीचं सागवान देशभर गेलं. त्याच्या भुशाने आमचा बर्फ राखला, हे मला अजून आठवतं.

पण बर्फातली मच्छी आणि गोठलेली मच्छी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मासा शून्य अंशाच्या जरा खाली गोठतो. वितळता बर्फ बरोबर शून्यावर राहतो. म्हणून फोडलेल्या बर्फात ठेवलेला मासा गार होतो, दगड होत नाही. तो बर्फ वितळतो हीच त्याची कामगिरी: किलोभर बर्फाचं पाणी होताना जितकी उष्णता शोषली जाते, तितक्या उष्णतेने तेवढंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. ज्या विक्रेत्याच्या टोपलीखालून पाणी ठिबकतंय त्याची मासळी सांभाळली जातेय असं समजावं. अशा माशाचा बर्फ सुटायची वाट बघावी लागत नाही, तो धुतला की झाला.

गोठवून दगड केलेलं मांस ही जहाजांची देणगी. १८८२ च्या फेब्रुवारीत ‘डनेडिन’ नावाचं शिडाचं जहाज न्यूझीलंडहून निघालं. त्याच्या पोटात वाफेवर चालणारं शीतयंत्र होतं आणि मेंढ्यांची सुमारे पाच हजार धडं. उष्ण कटिबंधात वारा पडला, जहाज रेंगाळलं. थंड हवा नीट फिरेना, तेव्हा कप्तान स्वतः हवेच्या बोगद्यात घुसून भोकं पाडत राहिला आणि तिथेच गारठून बेशुद्ध पडण्याच्या बेतात आला. त्याला पायाला दोर बांधून ओढून काढलं. मे महिन्यात माल लंडनला जवळजवळ धडधाकट पोचला. तेव्हापासून जगाच्या एका टोकाचं मांस दुसऱ्या टोकाला शिजू लागलं, आणि तेव्हापासूनच खाटकाच्या दुकानात गोठलेलं धड टांगून त्याचा बर्फ सुटू देणं हे एक रोजचं काम झालं.

तरी हे गोठवणं संथ होतं, आणि संथ गोठवण्यात एक मोठी खोट आहे. पाणी हळूहळू गोठलं की बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक होतात. ते मांसाच्या पेशी फाडतात. गोठलेलं असेपर्यंत काही दिसत नाही. बर्फ सुटताना फाटलेल्या पेशींमधून रस वाहून जातो, मांस चोथ्यासारखं होतं. हे ज्याने ओळखलं तो क्लॅरेन्स बर्ड्सआय १९१२ पासून काही वर्षं कॅनडाच्या लॅब्रॅडॉरमध्ये राहिला होता. तिथल्या इन्युइट लोकांनी बर्फ फोडून बाहेर काढलेला मासा उणे चाळीसच्या वाऱ्यात बघता बघता गोठायचा आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक होतात, पेशी वाचतात, एवढीच ती गोष्ट. इन्युइट लोक तर गोठलेला मासा तसाच, कच्चा, पातळ कापून खातातही. बर्ड्सआयने दोन थंड पत्र्यांमध्ये दाबून पाकिटं गोठवण्याचं यंत्र केलं, आणि ६ मार्च १९३० ला अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेले मासे-मांस-मटार किरकोळ दुकानांत विकायला ठेवले.

आपल्याकडे ही विद्या समुद्रावरून आली ती निर्यातीसाठी. १९५३ साली कोचीनहून गोठवलेली कोळंबी पहिल्यांदा अमेरिकेला गेली. १९५८ मध्ये गोदरेजने देशी फ्रीज काढला. आमच्याकडे फ्रीज यायला पुढे पंचवीस वर्षं लागली आणि त्यात मच्छी जायला आणखी दहा. ‘डीफ्रॉस्ट’ हा शब्द घरात शिरला तो याच फ्रीजमधून: वरच्या कप्प्यात भिंतींना बर्फाची दाट साय धरायची, मग थर्मोस्टॅटच्या बटणाच्या मधोमध असलेली छोटी कळ दाबायची, खालच्या ट्रेमध्ये पाणी साठायचं. त्या कप्प्यात बर्फाचा एक ट्रे आणि पाहुण्यांसाठी आइस्क्रीम एवढंच. मासळी शेजाऱ्यांना वास जातो म्हणून बाहेर.

मग तलावांच्या मुलखात गोठलेला मासा आलाच का? याचं उत्तर मला नकाशात सापडलं.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून गोड्या पाण्यातल्या कार्प माशांचं बंद तळ्यात प्रजनन घडवलं. रोहू, कतला, मृगळ हे नदीच्या वाहत्या पुरातच अंडी घालणारे मासे, त्यांचं बीज तोवर नदीतून गोळा करावं लागे. त्या दिवसानंतर ते हवं तिथे, हवं तेवढं तयार करता येऊ लागलं. म्हणून १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन. पुढच्या दशकांत या बीजाने आंध्रात कोल्लेरू सरोवराच्या काठी आणि पश्चिम गोदावरीच्या धानशेतांत तळ्यांचा समुद्र उभा केला. आमच्या मामा तलावांतही हेच बीज पडलं. पण इथे तलाव गाळाने भरत गेले, काठाला बेशरमाची झुडपं माजली, देशी वाण कमी झाले. आणि मागणी वाढत राहिली. ती भरून काढायला थर्माकोलच्या पेट्यांतून, बर्फात रचलेली आंध्राची कतला-रोहू ट्रकने येऊ लागली.

नकाशावर बोट ठेवून पाहा. वैनगंगा आमच्या जिल्ह्यांमधून खाली जाते, चपराळ्याजवळ वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीत जाते. गोदावरीचं पाणी धवळेश्वरमच्या बंधाऱ्यावर अडतं, १८५२ साली आर्थर कॉटनने पुरा केलेला तो बंधारा, आणि तिथून कालव्यांनी त्याच पश्चिम गोदावरीच्या तळ्यांमध्ये शिरतं. आमच्या तलावांच्या सांडव्यावरून निघून गेलेलं पाणी खाली मासा होतं आणि बर्फाच्या पेटीतून परत वर येतं. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती कतला चिरत होती. ती म्हणाली, “मग इतक्या लांबून आलीय, नीट रांध.”

नीट रांधायचं तर त्या माशाचा प्रवास ठाऊक हवा. पहाटे पेटी उघडते तेव्हा मासा बर्फातला असतो. दिवसभरात विकला नाही तर विक्रेता रात्री त्याला डीप फ्रीजरमध्ये टाकतो, त्यालाही पोट आहे. सकाळी तो पुन्हा बर्फावर येतो, आता अर्धवट सुटलेला. आपण तो घरी आणतो, दोन वेळचा वेगळा काढून उरलेला पिशवीत कोंबून घरच्या फ्रीजरमध्ये ठेवतो. म्हणजे तो दुसऱ्यांदा गोठला, आणि घरचा फ्रीजर किलोभराचा गोळा गोठवायला रात्रभर घेतो, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्फटिकांची हमी. त्यात वीज गेली तर तिसरी खेप. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, राज्याचे दिवे त्याच्यावर लागतात, आणि भारनियमनाच्या वर्षांत आमच्या खेड्यापाड्यांनी बारा-बारा तास अंधार काढला. फ्रीजर तेव्हा आपोआप बर्फ सोडायचा आणि आपोआप बांधायचा. याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून मी फ्रीजरमध्ये पाण्याची एक वाटी गोठवून तिच्यावर रुपयाचं नाणं ठेवते. नाणं वाटीच्या तळाशी गेलेलं दिसलं की मधल्या वेळात सगळं सुटून पुन्हा गोठलंय हे कळतं, आणि ते मांस मी वापरत नाही.

एक मे महिना मला विसरता येत नाही. घरी पाहुणे यायचे होते. दीड किलो कतलेचा गोळा मी सकाळी नऊला ओट्यावर काढून ठेवला, दुपारच्या जेवणाला होईल म्हणून. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. अकराला हात लावला तर वरचे तुकडे लिबलिबीत झाले होते, वासही फिरला होता, आणि गोळ्याच्या पोटात सुरी शिरत नव्हती. चिडून नळाखाली धरला. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी मेमध्ये हाताला चटका देतं. वरचं मांस शिजल्यासारखं पांढरं पडलं, आत दगड तसाच. शेवटी सगळं टाकलं. पाहुण्यांना वरण-भात आणि आंब्याचा रस वाढला. त्या दिवसाचा सल गेला नाही, म्हणून पुढे मी याच्या मुळाशी गेले.

कारण साधं आहे. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळजवळ चौपट वेगाने वाहते. गोठवताना बाहेरचा थर आधी बर्फ होतो आणि तो आतली उष्णता भराभर बाहेर सोडतो. सोडवताना उलटं होतं: बाहेरचा थर आधी पाणी होतो, आणि तोच आतल्या बर्फाभोवती गोधडीसारखा बसतो. म्हणून गोठायला लागतो त्याहून सुटायला वेळ जास्त. या वेळात बाहेरचा थर जंतूंच्या ताब्यात असतो. ५ ते ६० अंश हा त्यांचा सुखाचा पट्टा, त्यातल्या मनाजोगत्या उबेला ते वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. गोठवल्याने ते मेलेले नसतात, थांबलेले असतात. अमेरिकी अन्नखात्याचा नियम आहे की मांस बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ३२! आमच्याकडे मेमध्ये रात्री अकरालाही स्वयंपाकघरात त्याहून जास्त असतं. ‘खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ असं पाककृतीत छापलेलं असतं. ती खोली पुण्याची असेल, लंडनची असेल, मार्च ते जून या काळात ती चंद्रपूरची नाही.

म्हणून आमच्याकडे एकच वाट भरवशाची: आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात. चार-पाच अंशांत बर्फ रात्रभर सावकाश सुटतो आणि बाहेरचा थरही गारच राहतो. घाई असेल तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून माठाच्या पाण्यात, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाणी बदलत. नळाच्या नव्हे, माठाच्या. मायक्रोवेव्हचं मला कधी जमलं नाही, आणि त्यालाही कारण आहे. त्या लहरी पाण्यात चटकन शोषल्या जातात, बर्फात फारच थोड्या. कडेला थेंबभर पाणी सुटलं की सगळी उष्णता तिथेच ओतली जाते. कड शिजते, मध्य गोठलेलाच राहतो. म्हणूनच त्या यंत्रातली बर्फ सोडवण्याची सोय मधूनमधून थांबते, आत उष्णता पसरायला वेळ देते.

आणि थेट शिजवणं? आजीचा सुकसीचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. झिंगे, पातळ तुकडे, एकेक सुटे गोठवलेले असतील तर उकळत्या रश्श्यात तसेच सोडावेत. सुटायच्या वाटेवर जो रस वाहून गेला असता तो रश्श्यातच उतरतो. वेळ नेहमीच्या दीडपट धरावा. जाड गोळा, अख्खी कोंबडी मात्र कधीच नाही, कारण बाहेरून शिजेपर्यंत आतला भाग तासन् तास त्याच जंतूंच्या पट्ट्यात कोमट राहतो. तळायचं असेल तर बर्फाचा कणही नको, तेल उडून तोंड भाजतं. मटणाला आपल्या घरांनी कुकर शोधून ठेवला आहे. हाडासकट बारीक तुकडे, गोठलेले असले तरी वाफेच्या दाबाखाली शंभराच्या वर वीस अंश चढतात, एकमेकांपासून सुटतात आणि नीट शिजतात. फोडणीत आधी परतायचं सुख तेवढं जातं. यासाठी मी आता काहीही गोळ्याने गोठवत नाही. ताटलीत एकेक तुकडा सुटा मांडून, कडक झाल्यावर पिशवीत, पिशवी चपटी. जितकं पातळ, तितकं लवकर गोठतं आणि तितकंच लवकर सुटतं.

या जिल्ह्यांत बर्फ सोडवण्याचं काम सगळ्यात काटेकोरपणे कोण करत असेल तर त्या आरोग्यसेविका. ते मासळीसाठी नाही, लसीसाठी. १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरणात गाव-पाड्यावर लस नेतात ती निळ्या-पांढऱ्या पेटीत, चार बर्फाच्या वड्यांच्या मधोमध. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस गोठली तरी चालते. त्रिगुणी, धनुर्वाताची, काविळीची लस एकदा गोठली की कायमची वाया, आणि बाहेरून नेहमी कळतंच असं नाही. म्हणून फ्रीजरमधून काढलेली वडी लगेच पेटीत घालत नाहीत. ती टेबलावर मांडून थांबतात. वडीला घाम फुटतो. मग ती कानाशी धरून हलवायची. आत पाण्याचा बारीक खळखळाट ऐकू आला, म्हणजे बर्फ सुटायला लागला, म्हणजे वडी शून्यावर आली, आता ती लसीला गोठवणार नाही. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ते तुटतात, तेव्हाही ही पेटी चालत जाते. आजी नारळ घ्यायच्या आधी तो असाच कानाशी धरून हलवायची. बर्फाची वडी तशीच कानाशी धरणारी सेविका मी एका आरोग्य केंद्रात पाहिली, आणि घरी येऊन फ्रीजरमधल्या पिशव्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

काल रात्री मी स्टीलच्या डब्यात एक ताटली उपडी घातली, तिच्यावर कतलेचे तुकडे मांडले आणि डबा खालच्या कप्प्यात ठेवला, सुटलेलं पाणी तळाशी जावं आणि मासा त्यात बुडून राहू नये म्हणून. सकाळी डब्यात फिकट गुलाबी पाणी साठलेलं होतं, दोन चमचे असेल नसेल. मागच्या वेळी वाटीभर होतं. आईला डबा दाखवला. तिने पाण्याकडे पाहिलं, एक तुकडा उचलला आणि मणक्याच्या काट्यापाशी अंगठ्याने दाबला.

“इथे अजून कडक आहे.”

“मग थांबू का?”

“नको. वांगं शिजत आलंय. रस्सा उकळेपर्यंत सुटते ते.”